लोखंडाची रांग

लोहारदादाच्या भट्टीपुढं माणसांची रांग नसे, लोखंडाची असे. सकाळी आपला फाळ आणायचा, ओळीत शेवटच्या जिनसेमागं जमिनीवर ठेवायचा आणि रानाची वाट धरायची. खुरपं असो, कुऱ्हाड असो, वखराचं पातं, म्हणजे पास, असो, जे ज्या जागी आलं ते त्या जागी. दिवस मावळायच्या आत परत येऊन बघायचं, आपल्या पुढं किती उरलं. दादा हात लावायचा तो पहिल्या जिनसेला. दुसरीकडं बघायचासुद्धा नाही.

गावात आजही कोणी म्हणतं, तो अर्धवट होता. म्हणोत. शहाण्या माणसांनी या गावासाठी काय केलं ते मी पाहिलेलं आहे.

मी त्या गावचा सुतार. तो माझ्याहून वीस-बावीस वर्षांनी मोठा. आमचं गाव औंढ्याहून बैलगाडीनं अर्ध्या दिवसावर, आणि तेव्हा निजामाची मोगलाई होती. ती जायला अजून दोन-तीन वर्षं होती. सुताराचं आणि लोहाराचं नातं सासू-सुनेसारखं. एकाशिवाय दुसऱ्याचं चालत नाही आणि एकमेकांचं उणं काढल्याशिवाय जेवण पचत नाही. नांगर माझा, फाळ त्याचा. चाक माझं, धाव त्याची. धाव म्हणजे लाकडी चाकावर चढवायची लोखंडी पट्टी. हे आता रबरी चाकांच्या पोरांना सांगावं लागतं.

दिसायला दादा काही नव्हता. काळा, बुटका, डावखुरा. डावा खांदा उजव्यापेक्षा चार बोटं वर. भट्टीवर स्वतः वहाण घालायचा नाही आणि दुसऱ्यालाही घालू द्यायचा नाही, कारण तिथं ऐरण होती. ठिणगी पायावर पडली तर झटकायचा नाही. "तिचं घर हाय, ती कुठंबी बसंल," म्हणायचा. रोज सकाळी ऐरणीवर तांब्याभर पाणी ओतून तिच्यापुढं डोकं टेकायचा, आणि एकदा ते टेकलं की मग दिवसभर कोणापुढं टेकायचा नाही.

'तुटलं' हा शब्द त्याला चालत नसे. फाळ तुटला म्हणून कोणी घेऊन आलं की तो म्हणे, "तुटला न्हाई, थकला. तू थकवला." आणि त्या माणसाकडं असा बघे की जणू त्यानं बैल उपाशी ठेवलाय.

भाता वयनी, म्हणजे दादाची बायको, ओढायची. मोठं काम असलं की पदर खोचून घणही तीच मारायची. तिचं तोंडही घणासारखंच.

"ह्यांच्या डोक्यात भेजा न्हाई, ऐरणीचा टवका हाय," ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची.

दादा मान खाली घालूनच म्हणे, "म्हणून तर तुझ्या घावानं फुटलं न्हाई."

लोखंड बघून त्याला घरचं सगळं कळायचं. कोणाचा नांगऱ्या आळशी, कोणाचा बैल एका अंगाला ओढतो, कोणाच्या सुनेनं खुरपं दगडावर घासून त्याचं वाटोळं केलं. एकदा एकाचा फाळ पाळीला आला. दादानं तो उचलला, अंगठा फिरवला आणि फाळाच्या धन्याला विचारलं,

"तुझं रान तर समदं काळं. हा मुरमात घासून आलाय."

"धुऱ्याच्या कडंनं गेला आसंल जरा."

"कडंनं न्हाई, धुऱ्याच्या पल्याड. मुरूम तुझ्या चुलतभावाच्या पट्टीत हाय."

चुलतभावाची कुऱ्हाड त्याच रांगेत मागं होती, आणि चुलतभाऊ तिच्याशेजारी उकिडवा बसून चिलीम ओढत होता. पुढं काय झालं ते मी सांगत नाही. दोघांच्या रानांमधला धुरा मात्र चार दिवसांत आपल्या जागी गेला.

शिवरात्रीला सगळं गाव औंढ्याला जायचं. दादा जन्मात एकदाच गेला, तोही वयनीच्या हट्टानं. ती दर्शन घेऊन आली तर हा गाड्या सोडतात त्या माळावर, वाकून वाकून चाकं बघत फिरत होता.

"देव पाहिला काय?" तिनं विचारलं.

"येवढ्या गर्दीत त्याला कशाला तकलीफ? देव घरीबी हाय. इतकी चाकं घरी न्हाईत."

येताना गाडीत मला गावोगावच्या सुतारांनी कुठं काय चुकवलं ते सांगत आला. मी झोपेचं सोंग घेतलं. माझ्या चाकांवर गाडी कधी येईल ते मला ठाऊक होतं.

आता चाकाची रीत सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. धाव चाकापेक्षा जराशी आखूड करतात. गोवऱ्यांच्या आगीत ती लाल करायची. लाल झाली की फुगते. तेवढ्यात चाकावर बसवायची आणि पाणी ओतायचं. लोखंड आवळतं आणि चाकाचे सगळे सांधे कडकडत एकमेकांत घुसतात. चाक कच्चं असलं तर त्याच घटकेला आरा फुटतो. मग भांडण, चाक वाईट होतं का धाव जास्तच आखूड होती? ते भांडण नको म्हणून आमच्या भागात जुन्यांनी ठरवून ठेवलेलं होतं. धाव लाल झाली की सुतारानं चाकाच्या तुंब्यावर, मधल्या गड्ड्यावर, हात ठेवून म्हणायचं, "चाक दिलं." लोहारानं म्हणायचं, "चाक घेतलं." 'दिलं' म्हणेपर्यंत चाक सुताराचं. 'घेतलं' म्हटल्यावर जे फुटेल ते लोहाराचं.

बाप गेल्यावर मी एकट्यानं पहिलं चाक केलं तेव्हा मोठ्या ऐटीत हात ठेवून म्हणालो, "चाक दिलं." दादा सांडशीत लाल धाव धरून उभा. चाकाकडं बघितलं आणि म्हणाला, "न्हाई घेत."

"काहून?"

"तिसरा आरा हसून राहिला."

खरंच, तिसऱ्या आऱ्याच्या बुडाशी नखभर फट होती. धाव काळी पडली, गोवऱ्या वाया गेल्या. वयनी त्याच्यावर खेकसली, "आग घालायच्या आधी बघता येत नव्हतं व्हय?"

"आधीच पाहिलं होतं. म्हणलं ह्याला सोताला दिसतंय का बघू."

त्या दिवशी मी त्याला मनात दिलेल्या शिव्या आजही पाठ आहेत. परत घेणार नाही. पण त्यानंतर माझ्या हातचा एकही आरा हसला नाही.

तर त्या साली मृगाला आठ दिवस राहिले असतील. गावातला प्रत्येक फाळ, प्रत्येक पास भट्टीपुढं आलेली, रांग मारुतीच्या पारापर्यंत गेलेली. आणि त्याच आठवड्यात गढीवर लग्न. गढी म्हणजे गावचे जमीनदार. निम्मं रान त्यांचं आणि ज्या जागेवर दादाची भट्टी होती ती जागाही त्यांचीच. नवरीला बसवून न्यायच्या दमणीला मी नवी चाकं केली होती. बाभळीचं दोन वर्षं वाळवलेलं लाकूड. तसली चाकं मी आधी केली नव्हती आणि नंतरही जमली नाहीत. हे मी माझ्या तोंडानं सांगतो, कारण सांगायला दुसरं कोणी उरलं नाही.

गढीचा कारभारी दोन गड्यांच्या डोक्यावर चाकं देऊन भट्टीवर आला. मी मागं होतो.

"लोहार, गढीची चाकं आणलीत. उद्या सकाळपर्यंत धाव चढली पायजे."

"ठेवा की," दादा म्हणाला. "त्या पाराजवळ. शेवटी खुरपं हाय बघा, त्याच्यामागं."

"कोणाची चाकं हायत ते ध्यानात आलं ना?"

"सुतारानं केलीत. दिसून राहिलं."

रांगेजवळचे दोघं-तिघं तोंड फिरवून हसले. कारभाऱ्याचे कान लाल झाले.

"चवथ्या दिवशी लगीन हाय!"

"आन आठव्या दिवशी मिरग. लग्नाची तिथ जोशी सरकवून देईल. मिरग कोण सरकवून देईल?"

कारभारी गेला. मग मी पुढं झालो. वैशाखाच्या उन्हात बिनधावेचं चाक फार दिवस राहत नाही, सांधे उघडतात. मला गढीचं काही नव्हतं, मला माझ्या चाकांचं होतं.

"दादा, तडकतील ती."

"वल्ली पोती टाक."

"एक डाव घ्या की म्होरं. माझ्यासाठी."

त्यानं हातोडा खाली ठेवला. काम चालू असताना तो कधी ठेवत नसे. "एक डाव म्हंजे काय असतं रे, सुतार? एक डाव आरा वाकडा बसवशील? भूक कोणाची मोठी ते मला कळत न्हाई. आधी कोण आलं येवढं कळतं. तेवढ्यावर माझं चाललंय."

मी रागानं चाकं उचलायला लावली आणि गढीच्या अंगणात सावलीला नेऊन ठेवली. तो बराबर होता का मी, हा वाद मी अजूनही मिटवलेला नाही.

दुसऱ्या दिवशी दिवस कासराभर वर आला असेल, गढीचे चौघं गडी गाडी घेऊन आले आणि त्यांनी ऐरण उपटली. लाकडी बुंध्यातून ती निघताना दाढ उपटल्यासारखा आवाज आला. वयनी शिव्या देत गाडीपुढं आडवी झाली. दादानं तिला दंडाला धरून बाजूला केलं आणि जमलेल्या लोकांना एवढंच म्हणाला, "दिवसा नेऊन राहिले. समद्यांनी पाहून ठेवा."

कारभारी म्हणाला, "गढीच्या पायरीवर डोकं टेकव, आन घेऊन ये तुझी ऐरण. लगेच देतो."

"माझं डोकं सकाळीच टेकून झालं."

गावची मोठी माणसं दुपारी त्याच्याकडं आली. पेरणी तोंडावर, फाळ बोथट. एक म्हातारा तर रडकुंडीला आला. "दादा, एक पायरीच तर हाय. आमच्यासाठी टेकव बाबा."

"तुमच्यासाठी टेकवलं, तर उद्या तुमचा फाळ गढीच्या फाळामागं जाईल. जन्मभर. चालंल?"

म्हाताऱ्यानं रांगेतल्या आपल्या फाळाकडं बघितलं.

"तुमची पाळी हाय म्हणून ती मला राखावी लागून राहिली. माझी आसती तर सोडली आसती."

दोघांनी मात्र आपले फाळ उचलले आणि शेजारच्या गावी नेले. दादानं त्यांच्या जागा मोकळ्याच ठेवल्या. मागचं लोखंड पुढं सरकवू दिलं नाही. "आले परत तर?" म्हणाला. लोकांनी कपाळाला हात लावला.

आणि मग तो ओढ्याकाठी गेला. तिथं एक मोठा काळा दगड होता. वयनीनं भाता तिकडं नेला आणि त्या दगडावर त्यानं रांगेतला पहिला फाळ ठोकायला घेतला. दगडावर लाल लोखंड ठोकणं म्हणजे काय ते ज्यानं केलं त्यालाच माहीत. दगडाचे टवके उडतात, फाळाला बाक येतो, चार घावांचं काम चाळीस घावांवर जातं. दिवस मावळेपर्यंत तीन फाळ झाले. दुसऱ्या दिवशी चौथा ठोकताना दगडच फुटला आणि एक कपरी त्याच्या भुवईत घुसली. वयनीनं हळद दाबली आणि ओरडली, "आता तरी टेकवा की! डोळा जाईल!"

"दुसरा हाय," तो म्हणाला आणि दुसरा दगड शोधायला उठला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मला गढीवर बोलावणं आलं. त्यांनी वारंग्याच्या पल्याडून, वऱ्हाडाच्या बाजूनं, एक लोहार आणला होता. वाळका, पिकल्या मिशांचा माणूस. माझ्या चाकांचं माप त्याला आधीच धाडलेलं, म्हणून धावा त्यानं घरूनच जोडून आणल्या होत्या. अंगणात गोवऱ्या पेटलेल्या. माझी चाकं सपाट दगडावर आडवी. मी वाकून बघितली. अजून तडा नव्हता. आज धाव चढली तर वाचली असती.

कोपऱ्यात भिंतीला लावून दादाची ऐरण ठेवलेली. तिच्यावर कोणीतरी पाण्याची कळशी ठेवली होती.

कळशी बघून मला काय झालं ते नीट सांगता येत नाही. दादावर माझा राग होताच, गेला नव्हता. पण ऐरणीवर कळशी!

धाव लाल झाली. परगावच्या लोहारानं आणि गढीच्या गड्यानं ती सांडशीनं उचलली. लोहार माझ्याकडं बघून म्हणाला, "हं, सुतारभाऊ. म्हना."

मी तुंब्यावर हात ठेवला. अंगणातली सगळी माणसं माझ्या तोंडाकडं बघत होती. मी तोंड उघडलं नाही.

"म्हना ना भाऊ. धाव थंडी होते."

लाल रंग उतरत गेला. आधी शेंदरासारखा, मग विटेसारखा, मग कडेनं काळा. मी तसाच उभा. हाताखालचं लाकूड उन्हानं गरम झालेलं होतं आणि ते माझं होतं.

"मुका झालास व्हय रे?" कारभारी धावून आला.

"न्हाई. चाक दिलं न्हाई."

"चाक गढीचं हाय! लाकूड गढीच्या बाभळीचं!"

"लाकूड गढीचं. चाक माझं. मी म्हणेस्तोवर."

कारभाऱ्यानं लोहाराला हुकूम सोडला, "चढव रे तू! ह्याचं काय ऐकून राहिला?"

त्या माणसानं काळी पडलेली धाव खाली टाकली. "न दिल्या चाकावर? माह्या बापानं नाही चढवली जी." मग त्याची नजर कोपऱ्याकडं गेली. तो चालत गेला, कळशी उचलून खाली ठेवली आणि ऐरणीवरून तळवा फिरवला. "ही गढीची काय जी? हे घाव त एकाच मानसाचे हायेत. डावखुऱ्या." माझ्याकडं वळून म्हणाला, "ह्या ऐरणीचा धनी मेला काय?"

"जिता हाय. ओढ्यावर दगडावर फाळ ठोकून राहिला."

"मंग ही इथं काहून?"

मी सांगितलं. चार वाक्यांत सांगितलं, सगळ्यांसमोर, मोठ्यानं. कारभारी मधे बोलत होता, पण माझा आवाज मोठा होता.

परगावच्या लोहारानं आपली सांडशी पिशवीत घातली आणि भिंतीशी टेकवलेला बांबू उचलला. "दोर हाय काय, भाऊ?"

आम्ही ऐरण दोरानं बांधली, बांबूला टांगली. पुढं तो, मागं मी. कारभारी गड्यांवर ओरडला, "आडवा त्यांना!" चौघं गडी दारात उभे होते. ज्यांनी ती उपटून आणली होती, तेच. आम्ही दारापर्यंत गेलो. पहिल्या गड्यानं माझ्याकडं बघितलं आणि हळूच म्हणाला, "मपल्या भावाचा फाळ सातवा हाय," आणि बाजूला झाला. त्याच्यामागं बाकीचे. त्यांच्याही घरचं लोखंड रांगेत होतंच की!

भर दिवसा, भर पेठेतून आम्ही ती ऐरण नेली. माझ्या खांद्याची साल गेली. लोक दारात येऊन उभे राहिले. ओढ्यावर दादा पाठमोरा ठोकत होता. वयनीनं भाता सोडला आणि पदर तोंडाशी नेला.

दादा वळला. एक डोळा सुजून बंद. त्यानं आमच्याकडं बघितलंच नाही, ऐरणीकडं बघितलं.

"हिच्यावर ठोकलं काय कोणी?"

"धन्याबगर कसं ठोकीन जी?" परगावचा म्हणाला.

दादानं ओढ्याचं पाणी ओंजळीनं तिच्यावर घातलं. मग आपला हातोडा उचलला आणि त्या परक्या माणसाच्या हातात दिला. "मंग पहिला घाव तुमचा."

ऐरण जागेवर बसली आणि त्या दिवसापासून दोन लोहार एका भट्टीवर बसले. रांगेतलं पहिलं लोखंड पहिलं, दुसरं ते दुसरं. मृगाआधी पाराजवळचं ते शेवटचं खुरपंसुद्धा झालं. वऱ्हाडातला माणूस जाताना दादानं त्याला स्वतःची सांडशी दिली. शब्द एकही दिला नाही.

मला तर त्यानं ऐरण आणली त्याच दिवशी ऐकवलं. मी सोललेल्या खांद्यावर तेल चोळत बसलो होतो.

"चाकं आणली न्हाईस?"

"गढीच्या अंगणात राहिली. दादा, आता तरी—"

"मंग पाळी धरली कशी म्हणायची?"

एवढं करूनसुद्धा! मी उठून घरी गेलो. चार दिवस त्याच्याशी बोललो नाही. पाचव्या दिवशी तो माझ्या दारात आला, पायात वहाण न घालता, आणि म्हणाला, "दिलं म्हणला न्हाईस, ते बरं केलंस." आणि गेला. बावीस वर्षांच्या शेजारात त्यानं माझी केलेली तेवढीच तारीफ.

नवरी व्याह्यांच्या दमणीतून गेली. गढीनं त्या सुगीला आम्हा दोघांचंही बलुतं बंद केलं. दादाला जागा सोड म्हणून तीनदा निरोप आला, तीनदाही तो म्हणाला, "ऐरण उचलायला माणसं मिळाली तर उचला." मिळाली नाहीत.

माझी चाकं उन्हात पडून तडकली. पावसाळ्यानंतर गढीनं ती बिनकामाची म्हणून माझ्या दारात आणून टाकली. मी रात्रभर वगैरे रडलो नाही. सकाळी कुऱ्हाडीनं फोडली, आरे वेगळे, तुंबे वेगळे, आणि खड्डा करून त्यांचा कोळसा पाडला. बाभळीचा कोळसा चांगला जळतो. तो पोत्यात भरून भट्टीवर नेऊन ओतला. त्या साली रब्बीच्या पेरणीआधी गावाचे फाळ त्याच कोळशावर तापले. गढीचा फाळही त्यावरच तापला. त्याची पाळी आली तेव्हा.